सावकाशकाकांच्या बुटातला खडा

एका चांगल्या माणसाला कामावरून काढायची यादी मी माझ्या हाताने केली होती, आणि त्या यादीत पहिलं नाव त्याचंच घातलं होतं. हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको की बाईने आपली चूक तेवढी गुळमुळीत सांगितली.

आमचं ऑफिस परदेशी पाहुण्यांना हिंडवण्याचं. सात दिवसांची सहल असते. पहिले दोन दिवस नदीत होड्या आणि कड्यावर दोर लावून चढणं, मग चार दिवस जंगल, आणि शेवटच्या दिवशी नदीच्या वरच्या अंगाला एक गाव आहे तिथला वर्षाचा उत्सव. ऑफिस म्हणजे टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खालून रबराचा वास येतो, गॅलरीत लाइफ जॅकेटं वाळत असतात, आणि दुर्बिणींच्या कपाटाची किल्ली माझ्या गळ्यात असते. माझं काम कागदांचं. सहल संपली की पाहुणे एक फॉर्म भरून देतात, ते फॉर्म वाचायचे, कोणत्या गाइडला किती तारे मिळाले ते कॉम्प्युटरात घालायचं आणि कागद फायलीत लावायचा. फॉर्म मीच बनवलेला. त्यातला पहिला प्रश्न, ‘गाइडने तुम्हाला काय काय दाखवलं?’ हाही माझाच.

आता गंमत बघा. प्राणी दाखवणाऱ्या ऑफिसात नोकरी, आणि घरात माझी ख्याती काय, तर हिला समोरचं दिसत नाही. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर चष्मा शोधणारी मी. ‘आई, फ्रीजमध्ये, दुसऱ्या कप्प्यात, तुझ्या हाताला लागतोय तो डबा,’ असं माझी मुलगी आतल्या खोलीतून, पुस्तकातून डोकं वर न काढता सांगते. नवरा म्हणतो, ‘तुझ्यासमोर हत्ती आणून उभा केला, तर तू त्याला “जरा सरका” म्हणून पुढे जाशील.’ अठ्ठेचाळीस वर्षांत मला काही सापडलं असं घरात कुणाला आठवत नाही. स्थळसुद्धा मावशीने शोधलं होतं.

आणि सावकाशकाका. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं, पण ते कुणी उच्चारल्याचं मी ऐकलं नाही. एकतीस वर्षं गाइड. सडपातळ अंग, मोठे कान, ऊन असो नसो डोक्यावर टोपी, आणि तोंडात एकच शब्द. गाडीत चढणाऱ्याला ‘सावकाश’, चहा पिणाऱ्याला ‘सावकाश’, भांडणाऱ्यालाही ‘सावकाश’. एकदा ऑफिसात वायर जळून धूर झाला, आम्ही सगळे जिन्याकडे पळालो, आणि हा माणूस खाली उभा राहून एकेकाला म्हणतोय, ‘सावकाश उतरा, सावकाश.’ त्या दिवशी मी त्यांच्यावर ओरडले होते. मी कुणावरही ओरडते, त्यात विशेष काही नाही.

पण ओरडण्यासारखं होतंही. पाच ताऱ्यांपैकी त्यांना अडीचच्या वर कधी मिळालेच नाहीत. ‘गाइडने काय दाखवलं?’ या प्रश्नापुढे त्यांच्या पाहुण्यांचं उत्तर ठरलेलं: काही नाही. कुणी लिहायचं, माणूस गोड आहे पण डोळे तपासून घ्या. कुणी लिहायचं, उत्सवाच्या गावात चक्क रस्ता चुकला. आणि निम्म्या फॉर्मांवर एकच तक्रार: गाइडच्या बुटात सारखा खडा जातो, त्याला बरे बूट घेऊन द्या. मी दिले होते. एकदा नव्हे, दोनदा, ऑफिसातर्फे, घोट्याच्या वर येणारे, चांगले नाडीवाले. तरी खडा जायचाच.

उलट आमचा एक तरुण गाइड होता, त्याला सगळे वायरलेस म्हणायचे. कमरेला वायरलेस लावलेला असायचा, एका गाडीला बिबट्या दिसला की हा इतरांना कळवायचा, की चार गाड्या धुरळा उडवत तिकडे. पाहुण्यांना शेपूट का होईना दिसायचं. पाच तारे. हा वायरलेस काकांच्या गाडीला ‘आंधळी कोशिंबीर’ म्हणायचा. तोंडावर म्हणायचा, आणि काकाही हसायचे.

यंदा आमच्या मालकीणबाईंनी ठरवलं की पुढचा हंगाम सुरू व्हायच्या आत तीन ताऱ्यांच्या खालचे गाइड कमी करायचे. परदेशातले लोक घरी बसून तारे बघतात आणि मग बुकिंग करतात, त्यात बाईंचं काही चुकत नव्हतं. यादी करायचं काम माझ्याकडे आलं. मी ती दहा मिनिटांत केली.

बाई म्हणाल्या, ‘काढायच्या आधी एकदा तू त्यांच्याबरोबर जाऊन ये. एकतीस वर्षं काम केलेला माणूस आहे. न बघता काढलं असं व्हायला नको.’

म्हणून मी गेले. पहाटेची गाडी, मागच्या बाकावर एक परदेशी म्हातारं जोडपं, पुढे काकांच्या शेजारी मी. हातात पॅड, कपाळावर आठ्या. पहिला तासभर काका गाडी अशी चालवत होते की बैलगाडीने हॉर्न दिला असता. वाटेत त्यांनी काही दाखवलं नाही, काही बोलले नाहीत. मी पॅडवर लिहिलं, ‘माहिती देत नाही.’ मग एका ओढ्याच्या काठाला त्यांनी गाडी थांबवली.

‘काय झालं?’ मी विचारलं.

‘काही नाही ताई. बुटात खडा गेला. काढतो सावकाश.’

आणि ते गाडीच्या पायरीवर बसून नाडी सोडायला लागले. एक एक भोक. मला इतका संताप आला म्हणून सांगू! मागे ती दोघं मुकाट बसलेली, इतक्या लांबून आलेली, आणि हा मनुष्य बूट उलटा करून झटकतोय, आत डोकावतोय, पुन्हा झटकतोय. मी पॅडवर ‘बूट’ असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. करायला काहीच नव्हतं, म्हणून इकडेतिकडे बघत बसले. ओढ्यात एक झाड आडवं पडलेलं होतं. त्याची ओली काळी मुळं पाण्यात लोंबत होती. त्यातल्या एका मुळाला मिश्या होत्या.

मी पुन्हा बघितलं. मिश्या हलल्या. मग त्या मुळाने पाण्यातून अंग वर काढलं, पुढच्या दोन पायांत मासा धरला, आणि डोक्याकडून खायला सुरुवात केली. कुरुमकुरुम आवाज माझ्यापर्यंत येत होता. त्याच्या मागून दोन पिल्लं वर आली आणि आईच्या तोंडातला मासा ओढायला लागली.

‘पाणमांजर,’ मी म्हटलं. म्हणजे म्हणायचं होतं, पण तोंडातून नुसतं ‘ते... ते...’ एवढंच आलं. मागच्या आजीबाईंनी वळून पाहिलं आणि माझा दंड असा घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी तिथे वळ होता. आम्ही तिघं श्वास रोखून बघत होतो. त्या पिल्लांची मारामारी झाली, एक पाण्यात पडलं, आईने मानगूट धरून त्याला वर काढलं.

सगळ्यात शेवटी काकांनी मान वर केली. ‘कुठे, कुठे? अरे हो! बाप रे, ताई, काय डोळे आहेत तुमचे!’

मी त्या दिवशी घरी चालत गेले की उडत, मला माहीत नाही. जेवताना सांगितलं, जेवल्यावर सांगितलं, भांडी विसळताना सांगितलं. नवरा म्हणाला, ‘तुला? दिसलं? तुला?’ मुलीने पुस्तक काढून पाणमांजराचं चित्र समोर धरलं आणि माझी उलटतपासणी घेतली. मी शेपटीपर्यंत बरोबर सांगितलं. शेजारच्या वहिनी साखर मागायला आल्या होत्या, त्यांना नवऱ्यानेच सगळं सांगितलं, तेही अशा थाटात की जणू तो स्वतः तिथे होता. आमच्या लग्नाला बावीस वर्षं झाली, पण माझ्याबद्दल त्याने कुणाला असं सांगितलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसून मी त्या माणसाचा अहवाल लिहिला. फॉर्मवरच लिहिला, रीतीप्रमाणे. ‘गाइडने काय काय दाखवलं?’ काही नाही. ‘गाइडचं लक्ष बुटात होतं. प्राणी मी शोधला.’ दोन तारे. बाईंनी गुरुवारी पत्रावर सही केली. शनिवारी ते काकांच्या घरी जाऊन द्यायचं असं ठरलं, कारण पोस्टाने पाठवणं बाईंना बरं वाटेना. जाणार अर्थातच मी.

शुक्रवारी दुपारी डबा उघडून बसले होते. एका हाताने जेवत दुसऱ्या हाताने माझा फॉर्म काकांच्या फायलीत लावायचा होता. फाइल चार वर्षांची, फुगलेली. वरचा एक कागद उलटा लागला होता. आमच्या फॉर्मची मागची बाजू कोरी असते, वर फक्त ‘आणखी काही सांगायचं आहे?’ एवढं छापलेलं. ती बाजू मी कधी वाचत नाही. तारे पुढच्या बाजूला असतात.

मागची बाजू खचाखच भरलेली होती. अक्षर बारीक, समासातसुद्धा लिहिलेलं, बाण काढलेले. एका माणसाने लिहिलं होतं की गाइड बुटातला खडा काढत बसला होता तेव्हा मला ढोलीत घुबड दिसलं, ते डोळे मिटून बसलं होतं, आयुष्यात मला पहिल्यांदा कुणाच्या आधी काही दिसलं. खाली घुबडाचं चित्र. चित्र फार वाईट होतं, पण घुबड होतं.

मी पुढचा कागद उलटला. गाइड बूट काढत होता, आणि माझ्या मुलीला साळिंदर दिसलं. पुढचा. गाइड थर्मासचं झाकण उघडत होता, ते काही उघडेना, तेवढ्यात बायकोने वर फांदीकडे बोट केलं. पुढचा. उत्सवाच्या गावात गाइड रस्ता चुकला आणि आम्ही कुणाच्या तरी परसात जाऊन पोचलो, तिथे एक आजोबा ढोल उन्हात तापवत होते आणि एक बाई आपल्या नातवाला मुखवटा बांधत होती. आम्हाला बसायला पाट दिला. बाकीचे पर्यटक मैदानात खुर्च्यांवर बसले होते, त्यांनी यातलं काही पाहिलं नाही. आमचं नशीब!

डबा तसाच राहिला. मी फाइल संपवली. दोनशेच्या वर कागद, आणि प्रत्येकाच्या पुढच्या बाजूला गाइडच्या नावाने खडे फोडलेले, मागच्या बाजूला आनंदाने पान कमी पडलेलं. मग उठून वायरलेसची फाइल काढली. पुढे पाच तारे. ‘बिबट्या दाखवला. छान.’ मागे कोरं. एक उलटला, दहा उलटले, सगळे कोरे.

मला आधी हसू फुटलं. दोनदा बूट घेऊन दिले होते हो मी त्यांना! मग माझ्या लक्षात आलं की मी त्या दोनशे जणांच्या पंक्तीत बसलेली आहे, आणि त्यातही मी एकटीच अशी की जिने त्या माणसाच्या पोटावर पाय दिला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो कळसा माझ्याच फायलीत चार वर्षं पडून होता.

शनिवारी त्यांच्या घरी गेले. पर्समध्ये पत्र, हातात फाइल. बाजाराच्या मागच्या गल्लीत, एका छापखान्याच्या वर दोन खोल्या. काकू शिवणयंत्रावर बसल्या होत्या, परकर-अभ्र्यांचे ढीग दोन्ही बाजूंना. काकांनी खुर्ची पुसून दिली. कपाटावर बुटांची दोन खोकी होती. मी ओळखली. एकाचं तर अजून सील फोडलेलं नव्हतं.

‘चहा घ्या ताई, सावकाश,’ काका म्हणाले.

माझ्याकडे सावकाश असं काही नसतंच. मी सरळ सांगितलं. ‘काका, तुमचं पत्र आहे माझ्या पर्समध्ये. कामावरून कमी केल्याचं. यादी मी केली, अहवालही मीच लिहिला. आता मला सगळं कळलंय. तुम्ही फक्त एक वाक्य बोला. पाणमांजर तुम्हाला आधी दिसलं होतं, एवढंच म्हणा. मी आत्ता बाईंकडे जाते आणि हे पत्र फाडून येते.’

यंत्र थांबलं. काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. काका कपाकडे बघत होते.

‘काय सांगू ताई,’ ते म्हणाले, ‘मी तर बूट काढत होतो. तुम्हालाच दिसलं ते.’

‘सांगा की हो!’ काकू उसळल्या. ‘जंगलात पाऊल टाकलं की यांच्या बुटात खडा, आणि घरात? एकतीस वर्षांत घरात कधी खडा गेला नाही! ताई, हे वासावरून सांगतात ओढ्यापलीकडे काय आहे ते. लग्न झाल्यावर मला घेऊन गेले होते. दिवसभर थर्मासचं झाकण उघडत होते. संध्याकाळी मी सगळ्या गल्लीला सांगत सुटले की मला हरणाचं पाडस सापडलं म्हणून. आठ वर्षांनी कळलं मला. ते पण यांनी नाही सांगितलं, माझं मलाच कळलं.’

‘तुझं पण तुलाच दिसलं होतं,’ काका हळूच म्हणाले.

‘काका,’ मी म्हटलं, ‘या वयात दुसरीकडे कोण घेणार तुम्हाला? काकूंनी किती शिवायचं? एक वाक्य तर बोलायचंय.’

त्यांनी कप खाली ठेवला. ‘ताई, तुम्ही घरी जाऊन सांगितलंत ना?’

‘सांगितलं.’

‘काय म्हणाले घरचे?’

मी कामाला आले होते, गप्पा मारायला नाही. पण सांगितलं. नवऱ्याचं ‘तुला?’ सांगितलं, मुलीची उलटतपासणी सांगितली, साखर घ्यायला आलेल्या वहिनींना नवऱ्याने कसं रंगवून सांगितलं तेही सांगितलं. ऐकताना काकांचे ते मोठे कानसुद्धा हसत होते. दोनदा त्यांनी ‘मग?’ म्हणून विचारलं, आणि शेवटी म्हणाले, ‘मग झालं तर.’ आणि हात पुढे केला. ‘द्या ते पत्र.’

मी दिलं नाही. त्यावर ऑफिसचा शिक्का मारायचा राहिलाय असं खोटंच सांगितलं आणि जिना उतरले. खाली छापखान्याच्या दाराशी उभी राहून मी रडले, आणि मला त्याची लाज वाटत नाही. आयुष्यात मला एक गोष्ट माझ्या डोळ्यांनी सापडली होती, आणि ती माझ्याकडून हिरावली जाऊ नये म्हणून हा माणूस आपली नोकरी द्यायला निघाला होता.

सोमवारी बाईंच्या खोलीत गेले ती सगळं सांगायचंच असं ठरवून. काका बोलत नसतील तर मी बोलेन. दोनशे कागद आहेत, कुणी नाही म्हणायची सोय नाही.

बाईंच्या खोलीत खुर्चीमागे एक चौकट आहे. फोटो हललेला आहे, पण नीट बघितलं तर खडकावर बिबट्या बसलेला ओळखू येतो. हा बाईंनी तिशीच्या आत असताना काढलेला. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला त्या सांगतात, ‘माझा पहिला बिबट्या. गाडीत सहा माणसं होती, दिसला फक्त मला.’ आत्ताही फोनवर तेच चाललं होतं. मी ते शंभरदा ऐकलंय, आणि शंभरदा कंटाळलेय. पण फाइल हातात होती, बुटांनी डोकं भरलेलं होतं, आणि त्यांनी फोन ठेवल्यावर मी विचारलं, ‘बाई, तेव्हा गाइड कोण होता?’

‘कोण जाणे. एक हडकुळा पोरगा होता. त्याचं कुठं लक्ष होतं! बूट काढून बसला होता मेला.’

मी समोरची खुर्ची ओढून बसले.

बाईंना मात्र आता सांगायची लहर आली होती. ‘तुला म्हणून सांगते. त्या वर्षी मी सासर सोडून परत आले होते. घरात सगळे म्हणायचे, हिला काही जमायचं नाही. भावाने म्हटलं, चार दिवस कुठेतरी जाऊन ये, म्हणून आले होते. आणि सहा जणांत मलाच दिसला, बघ. परत जाताना गाडीत बसून ठरवलं, आपल्याला दिसतं. बाकीच्यांना दिसत नाही ते दिसतं. सहा महिन्यांत हे ऑफिस उघडलं.’ त्यांनी मागे वळून फोटोकडे पाहिलं. ‘त्यानंतर मी कुणाला घाबरले नाही.’

शब्द माझ्या जिभेच्या टोकावर होते. एक वाक्य, आणि काका वाचले असते. माझ्यासारखी बाई, जिच्या पोटात काही राहत नाही, जिने बहिणीच्या लग्नात तिच्या सासूला तोंडावर सुनावलं होतं, तिने तोंड मिटलं. फाइल मी मांडीवर पालथी घातली.

‘बाई, सावकाशकाकांना काढू नका,’ मी म्हटलं.

‘आता हे काय? अहवाल तूच दिलास ना?’

‘दिला. पण मी फॉर्मची एकच बाजू वाचत होते. माझी चूक आहे. हे बघा.’ मी रविवारभर बसून केलेले कागद पुढे सरकवले. चार वर्षांत कोणत्या गाइडच्या पाहुण्यांनी काय काय पाहिलं त्याची यादी. वायरलेसची अर्ध्या पानाची होती. काकांची पाच पानं.

बाईंनी चष्मा लावला. घुबडं, साळिंदरं, पाणमांजरं, घरट्यावर बसलेला गरुड, ढोल तापवणारे आजोबा. त्यांनी सगळं वाचलं, घाईने वाचलं नाही. ‘यांच्या पाहुण्यांना एवढं दिसतं? आणि हे काही दाखवत नाहीत?’

‘नाही.’

‘मग दिसतं कसं?’

‘असतो एकेकाचा पायगुण.’

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. ‘तू कधीपासून पायगुण मानायला लागलीस?’

‘शुक्रवारपासून.’

त्या हसल्या. मग पुन्हा पहिलं पान काढून बघितलं. ‘पण ताऱ्यांचं काय करायचं?’

‘प्रश्न चुकीचा आहे. फॉर्म माझा आहे, मी बदलते. “गाइडने काय दाखवलं” हे काढून टाकते. “तुम्हाला काय दिसलं” असं घालते, आणि त्यालाच तारे द्यायला सांगते.’

‘हं,’ बाई म्हणाल्या. ‘आपल्याला पाहुण्याला दिसल्याशी मतलब.’ त्यांनी हात पुढे केला, मी पर्समधून पत्र काढून दिलं, आणि त्यांनी ते उभं फाडून टोपलीत टाकलं. वर मला चार शब्द सुनावले, की यापुढे कागद दोन्ही बाजूंनी वाचत जा. मी ते मुकाट ऐकून घेतले.

संध्याकाळी पुन्हा तो जिना चढले. काकूंनी दार उघडलं आणि माझ्या चेहऱ्यावरूनच ओळखलं. त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि आत नेऊन बसवलं. काका म्हणाले, ‘बाईंना काय सांगितलंत?’

‘काही नाही सांगितलं. बिबट्याचंही नाही.’

त्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. मग मान हलवली. नंतर फाइलकडे बोट करून म्हणाले, ‘ताई, मला ते इंग्रजी वाचता येत नाही. लोकं काय लिहितात हो?’

एकतीस वर्षांत हे त्यांना कुणी वाचून दाखवलं नव्हतं. मी फाइल उघडली. पुढची बाजूही वाचली, मागचीही वाचली. ‘गाइडचे डोळे अधू आहेत.’ काकूंनी तोंडाला पदर लावला. ‘गाइड रस्ता चुकला, अशा माणसाला कामावर ठेवतात कसे?’ काका मांडीवर थाप मारून हसले. प्रत्येक कागदाला त्यांना माणूस आठवत होता. तो उंच, सारखा घड्याळ बघणारा? त्याला पाऊण तास लागला हो घुबड सापडायला, माझा मोजा झटकून झटकून फाटायची वेळ आली. असं म्हणायचे आणि लगेच सावरून घ्यायचे, ‘पण त्याचं त्यालाच दिसलं.’ काकूंनी एक शिवी हासडली ती मी इथे लिहीत नाही. मी वाचत गेले. चहा दोनदा झाला. खालचा छापखाना बंद झाला, आवाज थांबला, तरी आम्ही हसतच होतो.

शेवटचा कागद माझा होता. तो मी दुमडून ठेवायला लागले, तर काका म्हणाले, ‘तो पण वाचा ना.’

वाचला. ‘गाइडचं लक्ष बुटात होतं. प्राणी मी शोधला.’ मागची बाजू कोरी होती. मी रागात असल्यामुळे तिथे काही लिहिलंच नव्हतं.

‘काका,’ मी म्हटलं, ‘आता तुमची नोकरी कुठे जात नाही. इथे आपण तिघंच आहोत. आता तरी खरं सांगा.’

काकूही थांबून बघत होत्या. काकांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली. त्यांचे केस पांढरे झाले होते, ते मला त्या दिवशीच दिसलं.

‘ताई, खरं सांगतो,’ ते म्हणाले. ‘तुम्हालाच दिसलं.’

‘हो काका,’ मी म्हटलं. ‘मलाच दिसलं. तुमचे उपकार आहेत.’